क्रॅनबेरीची पुडी आणि न बोललेलं दुखणं

मराठीत याला 'उन्हाळी लागणं' म्हणतात. आमच्या घरात अम्मी दखनीत 'गर्मी हुई' एवढंच म्हणायची आणि धन्याचं पाणी करायला घ्यायची. लघवी करताना होणारी आग, दर दहा मिनिटांनी जावंसं वाटणं, गेल्यावर चारच थेंब येणं, ओटीपोटातली कळ, हे सगळं त्या दोन शब्दांत बसवलेलं असे. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हे त्याचं खरं नाव मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आजही आमच्याकडच्या बायका 'युरीन इन्फेक्शन' म्हणतात, तेही आवाज खाली करून. इंग्रजी शब्द वापरला की लाज थोडी कमी वाटत असावी.

हे दुखणं दुर्मीळ नाही. जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी ते होतं. त्यातल्या काही जणींना ते पुन्हापुन्हा होतं. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, तर डॉक्टर त्याला 'वारंवार होणारा संसर्ग' म्हणतात. अम्मी त्यात बसते, तिशीत असताना मीही बसत होते, आणि गेल्या वर्षी आमच्या घरातली तिसरी बाई त्यात आली. माझी भाची.

भाचीचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. पुण्यात नोकरी करते. एका रात्री तिने व्हॉट्सॲपवर एका पुडीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "खाला, हे घेऊ का? तुम्ही जीवशास्त्र शिकवता म्हणून विचारते. अम्मीला सांगू नका." पुडीवर लालचुटूक फळांचं चित्र होतं आणि क्रॅनबेरी असं ठळक लिहिलेलं होतं. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा त्रास झाला होता. दोन वेळा मेडिकलवाल्याकडून तिने नवऱ्याला गोळ्या आणायला लावल्या होत्या. डॉक्टरकडे ती एकदाही गेली नव्हती. लघवीची तपासणी झाली नव्हती. ही पुडी मात्र तिने ॲपवरून स्वतः मागवली होती, कारण त्यासाठी कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

मला वाटतं, क्रॅनबेरीच्या खपामागचं अर्धं कारण इथेच आहे. फळ आहे, औषध नाही. चिठ्ठी लागत नाही. काउंटरवर तोंड उघडावं लागत नाही. खोकी घरात आली तरी सासूबाईंना ते सरबत वाटतं. बोलायची चोरी असलेल्या दुखण्याला न बोलता मिळणारा उपाय सापडला, की तो खपणारच. पण तो उपाय किती खरा, हे पाहायला हवं. म्हणून मी तिला लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. दोन दिवस वाचलं.

आधी दुखणं समजून घेऊ. यातला मुख्य जंतू ई. कोलाय. तो आपल्या आतड्यात राहतोच. तिथे तो फारसा त्रास देत नाही. तिथून तो मूत्रमार्गात शिरला आणि मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला चिकटून बसला, की त्रास सुरू होतो. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांबीची, पुरुषाची वीसच्या आसपास. जंतूला बाईच्या बाबतीत वाटच लहान आहे. शिवाय लघवीचा प्रवाह जंतूला सतत बाहेर ढकलत असतो, म्हणून त्याला टिकायचं तर चिकटावंच लागतं. त्यासाठी त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. त्यांच्या टोकाने तो पेशींना धरतो.

क्रॅनबेरी इथे मध्ये येते. हे उत्तर अमेरिकेतलं आंबट-तुरट लाल फळ. तिथे पाणथळ वाफ्यांत त्याची लागवड होते, आणि काढणीच्या वेळी वाफा पाण्याने भरून तरंगणारी फळं गोळा करतात. पूर्वी समज असा होता, की या फळामुळे लघवी आम्लधर्मी होते आणि जंतू मरतात. पण लघवी तेवढी आम्ल व्हायला जितका रस प्यावा लागेल, तितका माणूस रोज पिऊच शकत नाही. 1984 मध्ये वेगळा खुलासा पुढे आला. क्रॅनबेरीचा रस जंतूंना मारत नाही, तो त्यांना चिकटू देत नाही. त्यातली प्रोॲन्थोसायनिडिन नावाची तुरट द्रव्यं यासाठी महत्त्वाची मानली जातात, आणि त्यातही 'ए' प्रकारची. द्राक्षात आणि कोकोतही प्रोॲन्थोसायनिडिन असतात, पण मुख्यतः 'बी' प्रकारची.

या खुलाशातूनच एक गोष्ट स्पष्ट होते. जंतू चिकटून बसले, वाढले, आग सुरू झाली, मग क्रॅनबेरी घेऊन उपयोग नाही. ती झाली तर प्रतिबंधाला मदत करेल. झालेला संसर्ग ती बरा करत नाही. भाची नेमकं उलटं करणार होती. त्रास सुरू झाला की चार दिवस पुड्या घ्यायच्या आणि बरं वाटलं की बंद.

आता प्रयोग काय सांगतात? इथे गोष्ट बरीच वर्षं हेलकावे खात राहिली. फिनलंडमध्ये 150 स्त्रियांवर एक प्रयोग झाला, 2001 साली तो प्रसिद्ध झाला. क्रॅनबेरी आणि तिच्याच कुळातल्या लिंगनबेरीचा रस रोज 50 मिलिलिटर घेणाऱ्यांपैकी सहा महिन्यांत 16 टक्के जणींना पुन्हा संसर्ग झाला, काहीच न घेणाऱ्यांत 36 टक्के जणींना. हे वाचून कुणीही दुकानात धावेल. पण 2011 मध्ये अमेरिकेतल्या 319 कॉलेजवयीन मुलींवरचा प्रयोग आला. तिथे रस घेणाऱ्यांत 20 टक्के आणि तसंच दिसणारं, तशाच चवीचं दुसरं पेय घेणाऱ्यांत 14 टक्के. म्हणजे फायदा शून्य. 2012 मध्ये कॉक्रन या संस्थेने तोवरच्या 24 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा निष्कर्ष निराशेचाच होता.

मग 2023 मध्ये त्याच संस्थेने आढावा पुन्हा केला. या वेळी 50 अभ्यास होते आणि सुमारे 8,900 माणसं. आता चित्र बदललं. ज्या स्त्रियांना वारंवार संसर्ग होतो, त्यांच्यात क्रॅनबेरीमुळे धोका सुमारे 26 टक्क्यांनी कमी झालेला दिसला. मुलांमध्ये तो निम्म्याहून जास्त उतरला. गरोदर बायकांत मात्र फायदा दिसला नाही. संस्थांत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत दिसला नाही. मज्जातंतूंच्या आजारामुळे ज्यांचं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, त्यांच्यातही नाही.

26 टक्के हा आकडा जाहिरातीत मोठा दिसतो, म्हणून तो जरा घरगुती हिशोबात मांडते. समजा, वारंवार त्रास होणाऱ्या शंभर बायका आहेत आणि येत्या सहा महिन्यांत त्यातल्या चाळीस जणींना पुन्हा संसर्ग होणार आहे. सगळ्यांनी नेमाने क्रॅनबेरी घेतली, तर चाळीसच्या जागी तीसेक जणींना होईल. दहा जणी वाचल्या. हे काही थोडं नाही, त्या दहांतली एक आपली लेक असेल तर मुळीच नाही. पण तीस जणींना पुडी घेऊनही त्रास होईलच, आणि त्यांनी 'पुडी चालू आहे ना' म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळलं, तर नुकसान होईल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2020 मध्ये कंपन्यांना वेष्टनावर असा दावा छापायला मुभा दिली, तीही पुरावा 'मर्यादित' आहे असं सोबत लिहिण्याच्या अटीवर. रसासाठी तर 'मर्यादित आणि विसंगत'.

आपल्या बाजारात हे फळ बहुतेक पुडी, गोळी, कॅप्सूल किंवा रसाच्या खोक्यातून येतं. रसाच्या खोक्यात साखर भरपूर असते, कारण निव्वळ क्रॅनबेरी इतकी आंबट-तुरट असते की घोटभर पिववत नाही. मधुमेह असलेल्या बाईने रोज ग्लासभर साखर प्यायली, तर तिचा संसर्गाचा धोका आपण वाढवतोच आहोत. सुकवलेल्या क्रॅनबेरीचंही तेच. गोळ्या-पुड्यांवर 'क्रॅनबेरी अर्क इतके मिलिग्रॅम' असं छापलेलं असतं, पण त्यात ती तुरट द्रव्यं किती, हे बऱ्याचदा नसतं. अनेक अभ्यासांत दिवसाला 36 मिलिग्रॅम प्रोॲन्थोसायनिडिन असं प्रमाण धरलेलं आहे. हा आकडा वेष्टनावर सापडला नाही, तर आपण नक्की काय विकत घेतोय ते सांगता येत नाही. भाचीच्या पुडीवर तो नव्हता. तिच्यात डी-मॅनोज ही साखरही होती. त्या साखरेचा 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 598 स्त्रियांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत डी-मॅनोज घेणाऱ्या 51 टक्के आणि न घेणाऱ्या सुमारे 56 टक्के जणींना पुन्हा त्रास झाला. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो.

आपल्या वाचक भगिनींचा एक प्रश्न मला माहीत आहे, कॅप्सूल हलाल आहे का. बरोबर आहे विचारणं. कॅप्सूलचं कवच पुष्कळदा जनावराच्या जिलेटिनचं असतं. पण हे पूरक आहार म्हणून विकले जातात, त्यामुळे वेष्टनावर शाकाहाराची हिरवी खूण पाहता येते. ती असलेली कॅप्सूल, गोळी किंवा पुडी घेतली की प्रश्न मिटतो. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल किंवा मुतखड्याचा त्रास असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

हल्ली 'करवंद म्हणजे आपली देशी क्रॅनबेरी' असंही फिरत असतं. करवंदं मी लहानपणापासून ओंजळीने खाल्ली आहेत, पुढेही खाईन. पण करवंदाचं कूळ वेगळं आणि क्रॅनबेरीचं वेगळं. दोघी लाल आणि आंबट आहेत म्हणून एकीवरचे प्रयोग दुसरीला लागू होत नाहीत.

आता अम्मीकडे वळते. ती सत्तरीला टेकलेली. मधुमेह आहे. पाळी जाऊन वीस वर्षं झाली. तिला वर्षातून चार-पाच वेळा त्रास व्हायचा. दर वेळी ती धन्याचं पाणी, जवाचं पाणी, मग मेडिकलमधलं लघवीची जळजळ कमी करणारं गोड सिरप, आणि अगदीच सहन झालं नाही की अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या, असा क्रम लावायची. सिरपने जळजळ उतरायची, जंतू तिथेच. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी उरलेले जंतू अधिक चिवट व्हायचे. एकदा थंडी वाजून ताप आला, पाठीत कुशीकडे दुखायला लागलं, उलट्या झाल्या. संसर्ग किडनीपर्यंत गेला होता. पाच दिवस ॲडमिट होती. तेव्हा पहिल्यांदा तिच्या लघवीचं कल्चर झालं. त्या जंतूवर नेहमीच्या तीन औषधांचा परिणामच होत नाही, हे रिपोर्टमध्ये लिहून आलं.

त्यानंतर आम्ही एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखवलं. त्यांनी क्रॅनबेरीचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गातली त्वचा पातळ, कोरडी होते, तिथले चांगले जंतू कमी होतात आणि त्रास देणाऱ्यांना जागा मिळते. उपाय म्हणून इस्ट्रोजेनची आतून लावायची मलई दिली. हा काही नवा शोध नाही. 1993 साली पाळी गेलेल्या 93 स्त्रियांवरच्या प्रयोगात ही मलई वापरणाऱ्यांना वर्षाला सरासरी अर्धा वेळा संसर्ग झाला, न वापरणाऱ्यांना जवळपास सहा वेळा. क्रॅनबेरीचा 26 टक्क्यांचा आकडा याच्या शेजारी ठेवून पाहा.

अम्मी दोन आठवडे ती ट्यूब कपाटात तशीच ठेवून बसली. "इस उमर में ये सब?" एवढंच म्हणायची. तिला वाटत होतं, ही तरुण बायकांची वस्तू आहे. शेवटी मी तिला म्हटलं, अम्मी, गुडघ्याला मलम लावतेस ना, तसंच हे. ती हसली. आता लावते. गेल्या दीड वर्षात तिला एकदाच त्रास झाला. तोही कल्चर करून, पूर्ण कोर्स घेऊन बरा झाला. मला त्या ट्यूबबद्दल राग एकाच गोष्टीचा येतो. ती दहा वर्षांपूर्वीही मिळत होती, पण अम्मी दहा वर्षं हे कुणाला सांगत नव्हती.

अम्मीची दुसरी सवय मोडायला जास्त वेळ लागला. ती पाणी कमी प्यायची. लग्नाला जायचं, पाणी नको. एसटीने जायचं, पाणी नको. वजू टिकला पाहिजे, म्हणून असरपासून इशापर्यंत घोटभरही नको. आपल्या बायकांची ही जुनी शिस्त आहे, आणि ती मूत्राशयाच्या मुळावर येते. 2018 मध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या 140 स्त्रियांवर प्रयोग झाला. निम्म्यांना रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. पाण्याला पैसे पडत नाहीत, म्हणून त्याची जाहिरातही नाही. रोज्यांत इफ्तार ते सहरी हे पाणी वाटून प्यायचं. आणि संसर्ग झालेलाच असेल, औषध चालू असेल, तर आजारी माणसाला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत धर्मानेच दिलेली आहे. ती घ्यायला कमीपणा कसला?

अर्थात पाणी प्या म्हणणं सोपं आहे. प्यायल्यावर जायचं कुठे? मी ज्या कॉलेजात शिकवते, तिथल्या मुली सकाळी आठला घरातून निघतात आणि दुपारी तीनपर्यंत लघवीला जात नाहीत, कारण स्वच्छतागृहाला कडी नाही. मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' म्हणून स्त्रियांनी मोफत, स्वच्छ मुताऱ्यांसाठी चळवळ चालवली, तेव्हा तिच्या नावाला लोक हसले. उन्हाळी लागलेली कुठलीही बाई हसणार नाही.

आता भाची. तिला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट दुखणं नव्हती. सासरी कुणीतरी म्हणालं होतं, "मायके से बीमारी लाई क्या?" हे वाक्य आपल्याकडे नव्या नवरीला सर्रास ऐकवलं जातं. त्यामागे दोन आरोप असतात, अस्वच्छतेचा आणि चारित्र्याचा. दोन्ही खोटे. पाण्याने इस्तिंजा करणाऱ्या, पाच वेळा वजू करणाऱ्या बायकांनाही हा संसर्ग होतो. शरीरसंबंधांच्या वेळी बाईच्याच शरीरावरचे जंतू मूत्रनलिकेकडे ढकलले जातात, म्हणून लग्नानंतरच्या महिन्यांत तो अनेकींना पहिल्यांदा होतो. तो नवऱ्याकडून लागलेला रोग नव्हे आणि माहेरून आणलेलाही नव्हे. माहेरचं काही असेलच, तर ते इतकंच, की आईला हा त्रास असेल तर लेकीला होण्याची शक्यता थोडी जास्त असते, असं अभ्यासांत दिसलं आहे. आमच्या घरात तिघी निघाल्या, त्यात नवल नाही.

मी तिला फोन केला. मेसेजवर हे बोलणं होत नाही. सांगितलं, पुडी घ्यायची तर घे. तू ज्या गटात बसतेस, त्यात तिचा थोडा उपयोग दिसलेला आहे. पण रोज घ्यावी लागेल, काही महिने, आणि वेष्टनावर 36 चा आकडा पाहून. परवडत नसेल तर सोड, पाणी वाढव. संबंधांनंतर लघवीला जाऊन ये. सुगंधी वॉश वगैरे वापरू नकोस. दिवस राहिले तर पुडीवर विसंबू नकोस, गरोदरपणात लघवीची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करायचीच. आणि पुढच्या वेळी आग सुरू झाली, की अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी लघवीचा नमुना दे. नंतर दिलास तर कल्चरमध्ये काही सापडणार नाही. थंडीताप, कुशीत दुखणं, उलटी, लघवीत रक्त, यातलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यांना काय सांगू?"

मी म्हटलं, हेच सांग, जसं मला सांगितलंस तसं. त्याला मेडिकलमध्ये गोळ्या आणायला पाठवतेस, तर कशाच्या आणि का, हेही त्याला कळू दे. पुढच्या शनिवारी ती दोघं मिळून डॉक्टरकडे गेली. नमुना दिला. रिपोर्ट आला, औषध बदललं. पुडी ती सध्या घेते आहे, चौथा महिना चालू आहे, आणि अजून तरी त्रास झालेला नाही. तो पुडीमुळे झाला नाही, पाण्यामुळे झाला नाही की योग्य औषधामुळे, हे एका मुलीवरून ठरवता येत नाही. त्यासाठीच तर इतके प्रयोग करावे लागतात.

परवा तिने स्वतःच तिच्या अम्मीला, म्हणजे माझ्या बहिणीला, सगळं सांगितलं. बहीण थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मुझे भी होता था. तेरे टाइम पे बहुत हुआ था." म्हणजे आमच्या घरात आता तिघी नाहीत, चौघी आहेत. बहिणीची तपासणी येत्या आठवड्यात आहे.